सही होण्याआधी वाटलेले पेढे

ऑक्टोबरचा पहिला रविवार, दुपारचे दोन. मेलबर्नचं उपनगर टार्निट, आमच्या घरचं जेवणाचं टेबल.

हजर: मी. माझा नवरा, मोबाइल काढून घेतलेला. भाची, म्हणजे माझ्या ताईची मुलगी, उंची पाच फूट अकरा, टेबलाखाली पाय मावत नाहीत म्हणून खुर्ची तिरकी लावून बसलेली. स्पीकरफोनवर तिचा एजंट, बहुधा गाडी चालवत. नागपूरहून व्हिडिओवर ताई, एक तास उशिरा, कारण त्याच दिवशी आमच्याकडची घड्याळं तासभर पुढे गेली होती आणि हे मी तिला दोनदा लिहून कळवलं होतं.

विषय एकच. भाचीचा बास्केटबॉल क्लबशी असलेला करार संपला होता, क्लबला नवा कोच मिळाला होता आणि त्या कोचला ती नको होती. पुढच्या सीझनला ती कुठे खेळणार?

करार संपलेल्या खेळाडूला फ्री एजंट म्हणतात. ती मोकळी असते, कोणत्याही क्लबने तिच्याशी बोलावं. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात आमच्या लीगमध्ये प्रत्येक टीमला परदेशी खेळाडूंच्या मोजून दोन जागा, आणि त्या दोन जागांवर सगळ्यांना सहा फूट तीन इंचांच्या अमेरिकन मुली हव्या असतात. भाची स्टुडंट व्हिसावर, म्हणजे परदेशीच. पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, होईपर्यंत तिला त्या दोनांतलीच एक जागा मिळवावी लागणार होती.

ती नर्सिंग शिकायला आली होती. विद्यार्थ्यांची मोठी लाट आली होती ती वर्षं. आमच्या गल्लीत एकेका घरासमोर पाच-पाच गाड्या, फुटपाथलगतच्या गवतावर कुणीतरी टाकून दिलेल्या गाद्या, त्या उचलायला दुसऱ्या घरातून निघालेले दोघे. आमच्या घरातही मागच्या खोलीत लुधियानाच्या दोन मुली भाड्याने राहत. स्टेशनवर कोणालाही विचारा, पीआरला किती पॉइंट लागतात आणि कुठे राहिल्याने किती वाढतात, हे तोंडपाठ. त्या लाटेत आलेल्यांपैकी बॉल घेऊन आलेली मला तरी ही एकटीच माहीत. ती महाराष्ट्राकडून खेळलेली. नागपुरात तिला स्पोर्ट्स कोट्यातून सरकारी नोकरी चालून आली होती. ती सोडून ती इकडे आली, ही गोष्ट ताईने तिला माफ केली नव्हती. आणि मावशी तिकडे आहे म्हणूनच पोरीचं धाडस झालं, असं ताईचं मत असल्यामुळे मलाही केली नव्हती.

तर एजंट म्हणाला, दोन ठिकाणांहून विचारणा आहे. एक मेलबर्नमधलाच, पण वेगळा क्लब, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. दुसरा पार उत्तर टोकाच्या डार्विनचा, तिकडच्या जनरल मॅनेजर बाई फार उत्सुक आहेत, दोन सीझनचं बोलतायत. "सध्या सगळ्यांना वॉर्म ठेवायचं. कोणाला हो नाही, कोणाला नाही नाही. नो वरीज."

मी ते लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मी दाताच्या दवाखान्यात प्रॅक्टिस मॅनेजर आहे. अपॉइंटमेंटची वही, आता कॉम्प्युटर, गेली अकरा वर्षं माझ्याकडे. दोन-दोन दवाखान्यांत वेळ घेऊन ठेवणारे आणि ऐनवेळी एकीकडे न येणारे लोक माझ्या डोक्यात जातात. जागा अडवून ठेवायची नाही, हा माझा नियम. आणि आपल्याकडे तर त्याहून जुना नियम आहे. एका स्थळाशी बोलणी पुढे गेली की दुसऱ्याला ताटकळत ठेवत नाहीत, साखरपुडा व्हायचा असला तरी. ताईच्या वेळी आमच्या वडिलांनी एका इंजिनीअरच्या घरी आपण होऊन जाऊन सांगितलं होतं की आमचं दुसरीकडे जमतंय, तुम्ही थांबू नका. त्या माणसांनी वडिलांना चहा पाजून परत पाठवलं आणि पुढे कितीतरी वर्षं लग्नाकार्यात ते आवर्जून बोलत. आमच्या घरात हे शहाणपण म्हणून सांगितलं जातं.

तासाभराने ताई स्क्रीनवर उगवली.

"काय ठरलं?"

"अजून काही नाही. दोन ठिकाणं आहेत," मी म्हटलं.

"पक्की नोकरी कोणती त्यातली?"

"आई, बास्केटबॉलमध्ये पक्की नोकरी नसते," भाची म्हणाली.

"तेच तर मी चार वर्षांपासून सांगून राहिले."

माझा नवरा मोबाइल परत मिळावा म्हणून माझ्याकडे बघत होता.

डार्विनबद्दल भाची फार बोलली नाही. लांब आहे, गरम आहे, पण कोच चांगली आहे, एवढंच. मी तिच्यासाठी दोन रकाने केले. मेलबर्नच्या बाजूला: घर, माझा स्वयंपाक, तिचं शेवटचं सेमिस्टर, नर्सिंग होममधल्या शिफ्ट. डार्विनच्या बाजूला: दोन सीझन, आणि उकाडा. उकाडा मी दोनदा लिहिला होता हे नंतर लक्षात आलं.

पुढच्या शनिवारी मेलबर्नच्या क्लबच्या कोचने तिला कॉफीला बोलावलं. एजंट म्हणाला, एकटी जाऊ दे. मी म्हटलं, अजिबात नाही. आम्ही तिघं गेलो. कोच चाळिशीचा, हाफ पँटमध्ये, फार गोड बोलणारा. तिचे व्हिडिओ त्याने खरंच पाहिले होते, डिफेन्समध्ये ती कुठे उभी राहते ते त्याने साखरेच्या पाकिटांनी टेबलावर मांडून दाखवलं. भाचीचा चेहरा उजळला. शेवटी तो म्हणाला, "यू आर अवर गर्ल. वी लव्ह यू हिअर." आणि हात पुढे केला. तिने हात मिळवला, मी मिळवला, नवऱ्याने मिळवला.

मग नवऱ्याने पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला. हे माझ्या यादीत नव्हतं. त्याने स्वतःच्या डोक्याने शेजारच्या पॉइंट कुकमधल्या मिठाईच्या दुकानातून आणले होते.

"हे काय?" कोचने विचारलं.

"मिल्क स्वीट्स. फॉर गुड न्यूज," नवरा म्हणाला.

कोचने दोन खाल्ले. डबा घेऊन गेला. निघताना पुन्हा म्हणाला, "लेट्स डू धिस."

आता मला सांगा. माणसाने हात मिळवला, तोंड गोड केलं, हो म्हटलं. आणखी काय उरतं? सही उरते, ते मलाही माहीत होतं. पण सही हे आमच्या हिशेबी नंतरचं काम. लग्न रजिस्टर करायला माणसं दुसऱ्या दिवशी जातात, म्हणून आदल्या दिवशीचं लग्न खोटं होत नाही.

गाडीत भाची मागच्या सीटवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. "काका, पेढे कशाला दिले?"

"का, चांगले नव्हते?"

"त्याने अजून काँट्रॅक्ट पाठवलं नाही."

"पाठवेल. खाल्लेत त्याने," नवरा म्हणाला.

मंगळवारी दवाखान्यात मला फोन आला. बायोडेटावर संपर्कासाठी माझा नंबर होता, कारण भाची वॉर्डवर प्लेसमेंट, म्हणजे शिकाऊ ड्यूटी, करत होती आणि तिथे मोबाइल चालत नसे. फोन डार्विनच्या जनरल मॅनेजर बाईंचा. त्या नीट, मुद्देसूद बोलल्या, मला आवडल्या. दोन सीझन. राहायला क्लबचं युनिट. हॉस्पिटलमध्ये नर्सिंगच्या प्रमुखांशी त्यांची ओळख, पदवी झाली की तिथे अर्ज करता येईल. शिवाय डार्विनला राहिलं की पीआरचे पॉइंट जास्त, हे त्यांनी सांगायची गरजही नव्हती.

मी म्हटलं, "थँक यू सो मच, पण तिने दुसरीकडे शब्द दिलाय."

"सही झाली?"

"सही नाही. पण शब्द दिलाय."

 बाई म्हणाल्या, "ओके. गुड ऑन हर. कळवल्याबद्दल थँक्स, बरेच जण कळवतही नाहीत."

मला फार बरं वाटलं. मी यादीतल्या डार्विनच्या ओळीवर बरोबरची खूण केली. वेटिंग रूममध्ये रूट कॅनालवाले आजोबा बसले होते, त्यांना आत पाठवलं. भाचीला मी त्या दिवशी सांगितलं नाही. तिची प्लेसमेंट चालू होती, डोकं कशाला खायचं. रविवारच्या बैठकीत सांगू, असा विचार केला आणि रविवारच्या विषयांत तिसऱ्या नंबरवर लिहून ठेवलं. एजंटलाही कळवलं नाही. नकार कळवायला एजंट कशाला लागतो?

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास मी घरी कोथिंबीर निवडत होते. भाची युनिफॉर्मवरच ओट्याशी उभी राहून मोबाइल बघत होती. तिने मोबाइल ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. मेलबर्नच्या क्लबचं पान. एका उंच अमेरिकन मुलीचा फोटो, क्लबच्या जर्सीत, आणि वर मोठ्या अक्षरांत 'साइन्ड'. दुसऱ्या परदेशी जागेवर त्यांची जुनी खेळाडू आधीच होती. म्हणजे दोन्ही गेल्या.

"असं कसं?" मी म्हटलं.

"असंच," ती म्हणाली.

तेवढ्यात एजंटचा फोन. स्पीकरवर लावला. "सॉरी, मेट. ते लोक दुसरीकडे वळले. होतं असं." आवाजात काही म्हणजे काही नाही, जणू बस चुकली. "पण डार्विन आहे ना. ते खरंच कीन आहेत. आज दुपारीच त्यांना फोन करतो."

मी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली.

"डार्विनला मी नाही सांगितलंय," मी म्हटलं. "मंगळवारी."

  एजंटने फार शांतपणे विचारलं की मी म्हणजे कोण, आणि मी का सांगितलं. मी त्याला शब्द दिल्याचं, जागा अडवून न ठेवण्याचं सांगायला लागले. इंग्रजीत ते सांगताना मला स्वतःलाच ते फार लांबलचक वाटायला लागलं.

"मावशी," भाची म्हणाली, "तू काय करून राहिली होतीस? मला न विचारता?"

"तुला रविवारी सांगणार होते."

"सांगणार होतीस. विचारणार नव्हतीस."

आपली चूक असली की मला राग येतो. मी तिच्यावर तर रागावू शकत नव्हते, म्हणून मेलबर्नच्या कोचला फोन लावला. त्याने उचलला, हे कबूल करते. मी म्हटलं, तुम्ही हो म्हणालात. तो म्हणाला, "आय सेड वी लव्ह हर. वी डू." मी म्हटलं, तुम्ही हात मिळवला. तो म्हणाला, शुअर. मी म्हटलं, तुम्ही आमचे पेढे खाल्लेत. तो म्हणाला, ते अमेझिंग होते, टीममध्ये सगळ्यांना आवडले. अशा माणसाशी भांडायचं कसं? नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं. हा माणूस कशालाच नाही म्हणत नव्हता, आणि तरी सगळं नाहीच होतं. मी इतकी वर्षं इथे आहे, इथल्या लोकांचा गोडवा कुठे संपतो आणि करार कुठे सुरू होतो हे मला दवाखान्यात रोज कळतं. शनिवारी कॉफीच्या टेबलावर मात्र मी आमच्या वडिलांच्या घरची झाले होते.

नवरा कामावरून आला. त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे डबाही गेला." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कपडे बदलायला वर निघून गेला.

साडेपाचला, म्हणजे डार्विनच्या चारला, भाचीने ठरवलं की फोन आपणच करायचा. एजंट नाही, मी नाही. मी तिला मुद्दे लिहून द्यायला कागद घेतला.

"नको," ती म्हणाली.

"अगं, निदान युनिटचं—"

"मावशी, नको."

ती बाहेर जाऊन ड्राइव्हवेमध्ये गाडीत बसली. काचा बंद. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. बघायचं नाही असं ठरवून भांडी घासायला घेतली होती, पण सिंक खिडकीखालीच आहे. आधी ती बोलत होती. मग बराच वेळ ऐकत होती. मग तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि तसंच ठेवून बोलत राहिली. वीस मिनिटं. लुधियानाच्या मुलींपैकी एक शिफ्टला निघाली होती, तिची गाडी मागे अडकलेली. ती मला खिडकीतून हातानेच विचारत होती, आंटी, गाडी? मी हातानेच सांगितलं, थांब.

आत येऊन भाचीने सांगितलं ते असं. तिची जागा त्यांनी बुधवारी दुसऱ्या मुलीला दिली होती. दुसरी परदेशी जागा अजून मोकळी होती, पण त्या जागेसाठी ते उंच सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारी मुलगी, शोधत होते. न सापडल्यास त्या जागेवर हिला एक सीझन घेतील. दोन नाही, एक. युनिट गेलं, ते त्या दुसऱ्या मुलीला. हॉस्पिटलचं बाई बघू म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवतील.

"त्या रागावल्या का?" मी विचारलं.

"नाही. त्या म्हणाल्या, तुझी आंटी फार ऑनेस्ट आहे." ती हसली नाही. "म्हणाल्या, इतकं ऑनेस्ट राहू नका."

तो आठवडा मला आजही नको वाटतो. भाची वॉर्डवर जायची, यायची, जिममध्ये जायची. माझ्याशी नीट बोलायची, तेच जास्त लागायचं. शुक्रवारी होकार आला. त्यांना सेंटर मिळाली नव्हती.

डिसेंबरमध्ये पदवीचं काम उरकून ती गेली. बॅग भरायची यादी मी केली होती, पण तिने ती घेतली नाही. स्वतःच भरली आणि मला विमानतळावर म्हणाली, चार्जर विसरले असेन तर सांगणार नाही हं तुला. एवढं बोलली म्हणजे माफ केलं असं मी समजले. मी तिला मिठी मारली, माझं डोकं जेमतेम तिच्या खांद्याशी.

त्याआधीच्या रविवारी ताईशी व्हिडिओवर बोलणं झालं होतं. तिने पहिल्या बैठकीतलं सगळं लक्षात ठेवलं होतं; आमच्या घरात कोणी यादी करो न करो, ताईला सगळं आठवतं.

"ते तर दोन वर्षांचं बोलून राहिले होते ना? मग एकच कसं?"

मी तोंड उघडलं. भाचीने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या आधी बोलली. "आई, ते लोक असेच असतात. आधी एक बोलतात, मग दुसरं करतात."

"शब्दाला किंमत नाही तिकडे," ताई म्हणाली. "मी सांगतच होते."

 भाचीने मला वाचवलं, आणि वाचवताना डार्विनच्या त्या बाईंना खोटं पाडलं, ज्या अख्ख्या प्रकरणात एकट्या शब्दाला जागल्या होत्या. मी नंतर स्वयंपाकघरात भाचीला म्हटलं, असं का सांगितलंस. ती म्हणाली, "मग काय सांगू? आई तुझ्याशी सहा महिने बोलली नसती."

ती डार्विनला एक सीझन खेळली. चांगली खेळली. आम्ही एक मॅच बघायला गेलो, त्या उकाड्यात, आणि तो खरोखर दोनदा लिहिण्याच्या लायकीचा आहे. सीझन संपल्यावर क्लबने उंच सेंटर आणायचं ठरवलं. परदेशी दोघींपैकी एकीचा करार दोन सीझनचा होता, दुसरीचा एक. कोणाला जावं लागलं हे सांगायला नको. दोन सीझनचा करार आधी हिच्या नावावर होता.

पुन्हा फ्री एजंट व्हायला ती तयार झाली नाही. म्हणाली, मावशी, मी थकले वॉर्म राहून. तोवर हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली होती, ती जनरल मॅनेजर बाईंच्याच ओळखीने. पीआर झालं. आता ती तिथेच असते, गुरुवारी हॉस्पिटलच्या टीममधून हौशी लीग खेळते. विचारलं तर म्हणते, बरं चाललंय. मला कळत नाही ते खरं आहे की माझ्यासाठी आहे, आणि हे तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.

ताई मात्र दर रविवारी एकदा तरी डार्विनच्या क्लबला शिव्या घालते. पोरीचं करिअर त्या बाईने बुडवलं, दोन वर्षांचा शब्द देऊन फिरवला, असलं सगळं. नागपुरातल्या नातेवाइकांतही आता हीच गोष्ट फिरते, आणि मागे एका लग्नात ती मला कुणा तिसऱ्याच बाईंनी ऐकवली. मी त्यांना म्हटलं, हो का.

ताईला खरं सांगायचं आहे. भाची म्हणते, आता कशाला. नवरा म्हणतो, फोनवर नको, समोर बसून सांग. गेल्या डिसेंबरमध्ये नागपूरला समोर बसलो, तेव्हा तिच्याकडे पाहुणे होते. काल रविवार होता. पाऊण तास बोललो, तिच्या गुडघ्यांवर, गॅसच्या सबसिडीवर, तिच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर. ताईला सांगणे ही ओळ पुढच्या आठवड्याच्या यादीत पहिल्या नंबरवर लिहिली आहे. गेल्या आठवड्याच्या यादीतही ती पहिल्याच नंबरवर होती.